शिक्षा संपते कधी?

परिचारिकेच्या सरकारी नोकरीसाठी निवड झाली की हातात एक साक्षांकन नमुना येतो. नाव, पत्ता, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या हे सगळे लिहून झाले की पुढे प्रश्न असतात : आपणांस कधी अटक झाली होती काय? आपल्यावर खटला चालला होता काय? न्यायालयाने आपणांस दोषी ठरविले आहे काय? समोर ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचे. बहुतेकींचा या ओळींवरून हात न थांबता पुढे जातो. काही जणींचा मात्र तिथेच थांबतो. या अंकाचे संपादकीय अशा थांबलेल्या हातांविषयी आहे.

स्त्रियांच्या चळवळीने तुरुंगातल्या स्त्रियांबद्दल थोडे तरी लिहिले, बोलले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रातल्या कैद्यांबरोबर, त्यात बायांबरोबरही, काम करतो आहे. पण कोर्टाची पायरी चढून, दंड भरून किंवा थोडी शिक्षा भोगून घरी परतलेली आणि आता फक्त काम मागणारी बाई आपल्या नजरेतून सुटते. तिला आश्रय नको असतो, सहानुभूतीही नको असते. तिच्याकडे प्रमाणपत्र असते, परिचर्या परिषदेची नोंदणी असते, आणि शेजारच्या गावात भरती निघालेली असते.

केळव्यात आणि आसपासच्या पाड्यांवर काम करताना मला हा प्रश्न वारंवार भेटतो, त्याला कारण आहे. इथल्या मुलीपुढे कामाचे रस्ते मोजकेच. पानमळ्याची, भाजीची वाडी आहे, पण ती भावाच्या नावावर. मासळीचा धंदा आहे, पण दरवर्षी आटत चाललेला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम मिळते ते कंत्राटी, तेही कधी आहे, कधी नाही. अशा वेळी दहावी-बारावीनंतर परिचर्येचे शिक्षण हा एक रस्ता असा आहे की ज्याच्या शेवटी स्वतःचे नाव लिहिलेले नोंदणीपत्र मिळते. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून केळवे रोडहून विरार-वसईच्या रुग्णालयांत जाऊन येणेही शक्य झाले. पहाटेच्या गाडीत पांढऱ्या चपला पिशवीत घालून उभ्या असलेल्या मुली मी रोज पाहते. घरात पहिला नियमित पगार आणणाऱ्या या मुली आहेत. म्हणून त्यांच्यापैकी एकीचा जरी रस्ता बंद झाला, तरी ते एका घराचे नुकसान नसते. पाड्यावरच्या पुढच्या चार मुलींचे शिक्षण त्यावर ठरते.

आमच्याकडे आलेली एक जण घ्या. तिचे नाव-गाव इथे देत नाही. एएनएम झालेली, परिषदेकडे नोंदणी असलेली. वयाच्या बाविसाव्या वर्षी कुंपणावरून शेजाऱ्यांशी भांडण झाले, हाणामारी झाली, दोन्हीकडून तक्रारी गेल्या. खटला चार वर्षे लांबला. प्रत्येक तारखेला तिची एक पाळी बुडे. शेवटी वकिलाने सांगितले, ‘‘कबूल करून टाक, दंड होईल, आजच सुटशील.’’ तिने कबूल केले. न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड. संध्याकाळी पाच वाजता ती घरी गेली आणि सगळ्यांना वाटले, सुटलो एकदाचे. पुढे तिची एका सरकारी योजनेत कंत्राटी पदावर निवड झाली. नमुन्यात तिने खरे तेच लिहिले. निवड रद्द झाली. लेखी कारण मागितले तर उत्तर आले नाही. दोन खासगी रुग्णालयांत विचारले, तिथे ‘‘पोलिसांचा दाखला आणा’’ म्हणाले. दाखल्यावर अर्थातच शिक्षेची नोंद.

आज ती काम करत नाही असे समजू नका. ब्युरोमार्फत विरारला एका आजीबाईंची रात्रीची बारा तासांची ड्युटी करते. इंजेक्शन देते, शय्याव्रण धुते, लघवीची नळी सांभाळते. म्हणजे काम परिचारिकेचेच. पण नोंदीवर ती ‘मावशी’ आहे आणि पगार मावशीचा आहे. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, रात्री काही बरेवाईट झाले तर पाठीशी डॉक्टर नाही. तिथे कुणी दाखला मागितला नाही. ज्या नोंदीमुळे रुग्णालयाला ती धोकादायक वाटली, ती नोंद एका एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरात कुणाला विचारावीशीही वाटली नाही. रुग्णांचे संरक्षण हा या दाखल्याचा हेतू असेल, तर तो इथे साधला का? साधले ते एवढेच की एक शिकलेली परिचारिका निम्म्या पगारात उपलब्ध झाली.

ही शिक्षा मुळात लागते कशी, तेही पाहिले पाहिजे. ‘गुन्हेगार परिचारिका’ म्हटले की डोळ्यांसमोर औषधात विष कालवणारी बाई येते. इंग्लंडमध्ये २०२३ साली तान्ह्या बाळांच्या खुनांबद्दल एका परिचारिकेला जन्मठेप झाली, तेव्हा ते चित्र साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत होते. पण आमच्या टेबलावर येणारे कागद वेगळे असतात. बांधावरची भांडणे असतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचे हातभट्टीचे खटले असतात. त्यात भट्टी नवऱ्याची आणि धाडीच्या वेळी घरात सापडलेली बाई आरोपी, असे कितीदा तरी घडते. जमाव जमवल्याचे, रस्ता अडवल्याचे, पाण्यासाठी किंवा जमिनीसाठी केलेल्या मोर्चाचे खटले असतात. यातल्या बहुतेकींना वकिलाने किंवा नातेवाइकाने तेच सांगितलेले असते : कबूल कर आणि सुट. कबुलीनंतर जे उरते ते आयुष्यभर उरेल, हे कुणी सांगत नाही.

आणि इथेच कायद्याने ठेवलेली एक वाट वापरली जात नाही. अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ चा आहे. त्यातील कलम ३ आणि ४ प्रमाणे न्यायालय दोषी ठरलेल्या व्यक्तीला शिक्षा सुनावण्याऐवजी समज देऊन, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. वय २१ च्या आत असेल तर तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षेचा विचार करायचाच, असे कलम ६ चे सांगणे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६० होते, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४०१ आहे. त्यातही पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या कोणत्याही वयाच्या स्त्रीला, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर, अशी संधी देण्याची तरतूद आहे. पण आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे आहे ते १९५८ च्या कायद्याचे कलम १२. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला, दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी कोणतीही अपात्रता भोगावी लागणार नाही, असे ते म्हणते. आमच्या मैत्रिणीच्या वकिलाने त्या दिवशी दंडाऐवजी परिवीक्षेची मागणी केली असती, तर तिच्या हातात आज वेगळा कागद असता. ती मागणी केलीच गेली नाही. दंड पाच मिनिटांत भरून होतो; परिवीक्षेसाठी अर्ज, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आणि आणखी एक-दोन तारखा लागतात.

कलम १२ म्हणजे जादूची कांडी आहे असे मात्र कुणी समजू नये. त्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि मालकावर नोकरी देण्याची सक्तीही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये शंकर दास यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. दिल्लीच्या सरकारी दूध योजनेतला हा रोखपाल. घरात एकामागून एक आजारपणे आली, त्याने पाचशे रुपये वापरले, नंतर परत भरले, कोर्टात गुन्हा कबूल केला. दंडाधिकाऱ्याने त्याला परिवीक्षेवर सोडले, खात्याने मात्र बडतर्फ केले. न्यायालय म्हणाले, खात्याचा अधिकार कलम १२ मुळे जात नाही. पण तो अधिकार न्याय्य आणि वाजवी रीतीनेच वापरावा लागेल. आणि बडतर्फी रद्द केली. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने नोकरीच्या अर्जातील माहितीबद्दल सूत्रे घालून दिली. माहिती लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. गुन्हा तरुण वयातला, किरकोळ असेल, तर माहिती लपवल्याची चूकही मालक आपल्या विवेकाने पोटात घालू शकतो. मात्र खरे सांगितल्यावरही विचार करून नाकारण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. यातला ‘विचार करून’ हा भाग कार्यालयांत गळून पडतो. नोंद दिसली की फाइल बंद, हा विचार नव्हे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती आपण टाळता कामा नये. रुग्णालयात माणूस सर्वात असहाय असतो. ग्लानीत असलेली बाई, बोलता न येणारे मूल, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, यांच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार ज्या व्यवसायाला आहे, त्याने आपल्या माणसांची चौकशी केलीच पाहिजे. केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबागवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला आणि नाव बदलून पुन्हा कुठल्या तरी रुग्णालयात कामाला लागला, अशी वदंता पुढे कित्येक वर्षे होती. २०१५ मध्ये वार्ताहरांना तो उत्तर प्रदेशातल्या एका गावात मजुरी करताना सापडला. वदंता खोटी निघाली, पण परिचारिकांच्या मनातली ती भीती खोटी नव्हती. म्हणून आमची मागणी ‘काही विचारूच नका’ अशी नाही. लैंगिक अत्याचार, मुलांवरचे गुन्हे, रुग्णाची लूट, गुंगीच्या औषधांची चोरी ही नोंद असेल तर रुग्णशय्येपासून दूर ठेवणे योग्यच आहे. मागणी अशी की गुन्हा कोणता, कधीचा, कोणत्या परिस्थितीतला आणि त्याचा रुग्णसेवेशी संबंध काय, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी द्या.

परिचारिकांच्या बाबतीत हे आणखी एका कारणाने तातडीचे झाले आहे. आता त्यांच्या हातून होणाऱ्या कामामुळेच त्यांच्या नावावर फौजदारी नोंद होण्याचा धोका वाढला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंडविधानात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम ३०४-अ खाली सर्वांना सारखीच, जास्तीत जास्त २ वर्षे कैद होती. नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये ती ५ वर्षे झाली. फक्त नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने वैद्यकीय उपचार करताना असे घडले तर कमाल मर्यादा २ वर्षेच राहिली. आणि वैद्यक व्यावसायिक म्हणजे कोण? ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते, त्यामुळे ती या व्याख्येत बसत नाही. एकाच खाटेजवळ, एकाच चुकीसाठी, औषध लिहिणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि ते टोचणारीला पाच! डॉक्टरवर खटला भरण्याआधी तज्ज्ञांचे मत घ्या, उठसूट अटक करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले, तेही बोलणे डॉक्टरांबद्दलच होते. ज्या व्यवसायात बहुसंख्य बाया आहेत, त्याच्या वाट्याला जास्त शिक्षा आणि कमी संरक्षण यावे आणि संसदेत त्यावर गदारोळही होऊ नये, हे आपण नोंदवून ठेवले पाहिजे.

ही भीती हवेतली नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे गेली. चौकशीनंतर कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपवण्यात आल्या आणि पुढे दोघींवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आगीत ११ रुग्ण गेले. अटक झालेल्यांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिका होत्या. परिचारिकांच्या संघटनांनी तेव्हाच विचारले होते की आग विझवण्याची यंत्रणा बसवणे, तारा तपासणे हे काम रात्रपाळीच्या परिचारिकेचे आहे काय? त्या वेळी कुणाचे काय चुकले हे न्यायालयांनी ठरवायचे आहे. पण निकाल लागेपर्यंत, आणि कदाचित निर्दोष सुटल्यानंतरही, नमुन्यातल्या त्या प्रश्नापुढे तिला ‘होय’च लिहावे लागणार. प्रश्न ‘खटला चालला होता काय’ असाही आहे ना!

आणि दाखल्याचे नाव काय, तर ‘चारित्र्य पडताळणी’. पुरुषाच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ पोलीस ठाण्याच्या नोंदवहीपुरता असतो. बाईच्या बाबतीत तो कुठवर जातो हे आपल्याला सांगायला नको. पडताळणीला हवालदार पाड्यावर आला की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चर्चा गुन्ह्याची होत नाही, बाईची होते. ती रात्रपाळी करणारी असेल तर विचारायलाच नको. हातभट्टीच्या दंडाची नोंद आणि ‘चालचलणूक’ यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. हा शब्द बदलून ‘गुन्हेविषयक नोंद’ असे सरळ नाव द्यावे, ही मागणी लहान वाटेल, पण तिचा खर्च शून्य आहे.

मुख्य प्रश्न मुदतीचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेला माणूस, सुटकेनंतर ६ वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो, आमदार होऊ शकतो, आरोग्यमंत्रीही होऊ शकतो. पासपोर्टच्या कायद्यातही मुदत आहे : नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा असेल, तर अर्जाआधीच्या ५ वर्षांतली दोषसिद्धी पाहायची. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम २४ आहे. गंभीर अपवाद सोडता त्यांना अपात्रता लागत नाही आणि नोंदी नष्ट करायच्या असतात. दंड भरून सुटलेल्या प्रौढ परिचारिकेला मात्र अशी कोणतीही मुदत नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून जुन्या शिक्षा ठरावीक काळानंतर संपल्या असे मानणारा कायदा आहे. परिचर्येसारखे व्यवसाय त्यातून वगळलेले होते, म्हणजे परिचारिकेला सगळे सांगावे लागे. तिथेही २०१३ पासून जुन्या, किरकोळ नोंदी गाळण्याची पद्धत आली. रुग्णांची काळजी आणि माणसाला दुसरी संधी या दोन्ही गोष्टी एका कायद्यात बसवता येतात, एवढे त्यावरून दिसते.

महाराष्ट्रात या व्यवसायाची सुरुवात आठवली तर मन अधिकच अस्वस्थ होते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. ज्यांचे तोंड सकाळी पाहू नये असे समाज म्हणत होता, त्या बायांच्या हाती रुग्ण सोपवला गेला. परिचर्येने ठपका लागलेल्या बाईला आत घेतले, आणि त्यातूनच हा व्यवसाय वाढला. आज आपण सगळे त्या वारशाचे गोडवे गातो.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. कलम ४९८-अ १९८३ मध्ये आले ते आपल्या चळवळीच्या रेट्यामुळे. त्यात दोषी ठरलेली नणंद परिचारिका असेल आणि शिक्षा भोगून कामासाठी आपल्याच केंद्रावर आली, तर? आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले. काही जणींचे म्हणणे, घरात आलेल्या असहाय मुलीला छळणारीच्या हाती असहाय रुग्ण कसा द्यायचा? हे म्हणणे वजनदार आहे. माझे मत असे की तो गुन्हा रुग्णसेवेशी संबंधित धरावा, तिला अधिक काळ थांबावे लागावे, देखरेखीखाली काम द्यावे. पण ‘कधीच नाही’ म्हणण्याचा अधिकार आपणही घेऊ नये. ज्या गुन्ह्यांचा आपल्याला राग येत नाही तेवढेच माफ करायचे, याला तत्त्व म्हणता येणार नाही.

तर मग करायचे काय? शासनाकडे आमच्या मागण्या अशा : साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याचे स्वरूप, वर्ष आणि स्पष्टीकरण यांसाठी जागा द्या, निर्दोष सुटलेल्यांना वेगळे करा, निवड नाकारल्यास लेखी कारण आणि अपिलाची सोय ठेवा, आणि कलम १०६ मधील सवलतीच्या व्याख्येत नोंदणीकृत परिचारिका व सुईणींचा समावेश करण्यासाठी केंद्राकडे शिफारस करा.

मैत्रिणींनो, मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातातले काम थांबायला नको. तुमच्या ओळखीत कुणावर खटला चालू असेल तर कबुलीआधी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्या वकिलाला ‘परिवीक्षेचा अर्ज करा, कलम १२ चा उल्लेख आदेशात येऊ द्या’ असे स्पष्ट सांगा. आदेशाची प्रमाणित प्रत काढून घरात जपून ठेवा. शिक्षा आधीच झाली असेल, तर अपिलाची मुदत आणि विलंब माफीची शक्यता वकिलाला विचारा. नोकरीच्या अर्जात मात्र खरेच लिहा. सोबत आदेशाची प्रत आणि जिथे काम केले तिथली दोन पत्रे जोडा. नकार आला तर लेखी मागा, तोंडी नकार स्वीकारू नका. आणि तुमच्यापैकी ज्या रुग्णालयांत मेट्रन आहेत, विश्वस्त आहेत, निवड समितीवर आहेत, त्यांनी पुढच्या वेळी असा अर्ज समोर आला की फाइल बंद करण्याआधी त्या बाईला एकदा बोलावून घ्या आणि समोर बसवून विचारा.